नाशिकचे डास औषधाला दाद देत नाहीत हे प्रयोगशाळेत कसं तपासायचं, आणि जीएम डासांचा त्याच्याशी काय संबंध?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा गट डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासांवर प्रकल्प करणार आहे. गल्लीतून धुराची गाडी फिरून जाते, तरी दुसऱ्या दिवशी डास आहेत तसेच. मग डासांत प्रतिकारक्षमता आली आहे का, ती मोजायची कशी, आणि जनुकीय बदल केलेले (जीएम) डास आणले तर फवारणीची कटकट कायमची संपेल का, असं विचारलं आहे.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: नाही संपणार. उलट जीएम डास सोडायचे असतील तर स्थानिक डास कोणत्या औषधाला किती दाद देतो, हे आधी माहीत असावं लागतं. रिओ डी जानेरोत हे न पाहता डास सोडले आणि हात पोळले. त्याबद्दल पुढे येईलच. म्हणून तुमच्या प्रकल्पाचं वजन प्रतिकाराच्या मोजणीवर ठेवा.

धुराच्या गाडीमागे डास न मरण्याची कारणं बऱ्याचदा डासाच्या जनुकांत नसतात. धुराचा थेंब उडत्या डासाला लागला तरच तो मरतो. भिंतीवर त्याचा टिकाऊ थर बसत नाही. एडिस इजिप्ती राहतो घरात: पलंगाखाली, खुंटीला टांगलेल्या कपड्यांमागे, पडद्याच्या घडीत. गाडीचा आवाज आला की आपण दारं-खिडक्या लावून घेतो आणि डास आत सुरक्षित राहतो. दुपारी तापलेल्या रस्त्यावरून धूर सरळ वर निघून जातो. घरातल्या फवारणीसाठी २ टक्के पायरेथ्रम अर्काचा १ भाग आणि रॉकेलचे १९ भाग मिसळतात, म्हणजे तयार द्रावण ०.१ टक्क्याचं होतं. हे माप चुकलं तरी डास वाचतो. शिवाय गच्चीवरच्या ड्रममधल्या कोषांतून रोज नवे डास निघतच असतात. त्यामुळे ‘फवारणी केली, डास मेले नाहीत’ एवढ्यावरून प्रतिकार सिद्ध होत नाही. प्रस्तावनेतही तसं लिहू नका, परीक्षक तिथेच अडवतील.

पहिलं काम कागदाचं. महापालिकेच्या मलेरिया विभागात जाऊन गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या विभागात कोणती औषधं वापरली ते लिहून घ्या: धुरासाठी काय, घरात काय, अळ्या मारायला पाण्यात टेमेफॉस, म्हणजे आपलं ‘अ‍ॅबेट’, किती वेळा. तपासायची औषधं त्यावरून ठरतात. द्राक्षबागांच्या फवारण्यांवर सगळं खापर फोडण्याची एक सवय आहे. निफाड-दिंडोरीच्या शेततळ्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनोफेलिसच्या, म्हणजे मलेरियाच्या डासाच्या बाबतीत तो मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. पण सिडकोतल्या घरात साठवणीच्या ड्रममध्ये वाढलेल्या एडिसचा बागेतल्या औषधाशी फारसा संबंध येत नाही. त्याच्यावर दबाव येतो तो धुराचा, अ‍ॅबेटचा, आणि रात्रंदिवस प्लगला लावलेल्या प्रॅलेथ्रिन-ट्रान्सफ्लुथ्रिनच्या मशीनचा.

आता डास मिळवणं. घरात जाळी फिरवून पकडलेले प्रौढ डास या चाचणीला नकोत. त्यांचं वय कळत नाही आणि माद्या रक्त प्यायलेल्या असतात. पोट भरलेली मादी औषध जास्त सोसते, म्हातारी कमी सोसते. अंडी गोळा करून वाढवलेली पहिली पिढी वापरा. त्यासाठी अंडी-सापळा पुरतो: अर्धा लिटरचा काळा प्लास्टिकचा पेला, आतून गोल बसवलेली जाड फिल्टर पेपरची पट्टी, दोन-तृतीयांश पाणी, आणि पावसानं भरून वाहू नये म्हणून वरच्या बाजूला एक छिद्र. पाण्यात वाळलेल्या गवताचा आंबवलेला काढा थोडा घातला तर अंडी जास्त पडतात. पट्टी पाचव्या ते सातव्या दिवशी काढायचीच. त्यापुढे ठेवलात तर सापळाच डासांचा कारखाना होतो, आणि घरमालक पुन्हा दारात उभं करत नाही.

जुने नाशिक, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड असे विभाग वेगळे ठेवा आणि प्रत्येक विभागात किमान वीस घरं घ्या. एडिस फार लांब उडत नाही, आयुष्य शे-दोनशे मीटरमध्ये काढतो, त्यामुळे पंचवटीचा निकाल सातपूरला लागू होईलच असं नाही. एका पट्टीवरची बरीच अंडी एकाच मादीची असू शकतात. एकाच पट्टीतून शंभर डास वाढवले तर तुम्ही शंभर भावंडं तपासता, वस्ती नव्हे. म्हणून प्रत्येक पट्टीतून थोड्या अळ्या घेऊन मिसळा.

पट्टी आणल्याबरोबर वाळवू नका. आतला गर्भ तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ती ओलसर ठेवा, मग सावलीत हळूहळू सुकू द्या. घाई केली की अंडी मधोमध खचतात आणि उबत नाहीत. नीट सुकलेली पट्टी बंद डब्यात दमट हवेत काही महिने टिकते. उबवायला पाणी उकळून, झाकून, गार करून घ्या. विरघळलेला ऑक्सिजन कमी झाला की अंडी एकदम फुटतात आणि सगळ्या अळ्या एका वयाच्या मिळतात. नळाचं पाणी वापरायचं असेल तर क्लोरीन जायला एक-दोन दिवस उघडं ठेवा. साधारण ३० बाय २० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये दीड लिटर पाणी आणि दोनशेच्या आसपास अळ्या, त्याहून जास्त नकोत. खाद्य म्हणून माशांचं खाद्य आणि यीस्ट वाटून चिमूटभर. पाण्यावर साय धरली तर खाद्य जास्त झालं, पाणी बदला. दाटीत वाढलेल्या माद्या बारीक निघतात, हलक्या मात्रेलाही मरतात, आणि प्रतिकार असून दिसत नाही. कॉलेजच्या प्रकल्पांतली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच असावी.

डास निघाले की ओळख पटवा. छातीवर वीणेच्या आकाराच्या पांढऱ्या रेघा असतील तर इजिप्ती, मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर अल्बोपिक्टस. नाशिकच्या आसपास काळ्या कातळातल्या खळग्यांत तिसराही सापडतो, एडिस व्हिटाटस; त्याच्या छातीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या जोड्या असतात. तिघांची सरमिसळ करून काढलेल्या टक्क्याला काही अर्थ नाही.

चाचणीच्या दोन पद्धती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची नळीची पद्धत सगळीकडे मान्य आहे: औषध मुरवलेला १२ बाय १५ सेंटिमीटरचा कागद नळीत गुंडाळून बसवायचा. तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या २० ते २५ माद्या आधी एक तास साध्या कागदाच्या नळीत ठेवून पाहायच्या; पंख मोडलेल्या, लंगड्या माद्या तेव्हाच बाजूला काढायच्या. मग एक तास औषधाच्या नळीत, पुन्हा साध्या नळीत, वर १० टक्के साखरेच्या पाण्याचा कापसाचा बोळा, आणि २४ तासांनी मोजणी. अशा चार नळ्या औषधाच्या, दोन नियंत्रणाच्या, म्हणजे तुलनेसाठी औषधाशिवायच्या. तापमान २७ अंश, दोन इकडे-तिकडे. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास.

कागद मलेशियातल्या पेनांगच्या विज्ञान विद्यापीठातून येतात. मागवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: अ‍ॅनोफेलिसची मात्रा आणि एडिसची मात्रा वेगळी आहे. डेल्टामेथ्रिनचा अ‍ॅनोफेलिससाठीचा कागद ०.०५ टक्क्याचा, एडिससाठी ०.०३ टक्क्याचा. आपल्याकडे मलेरियाच्या कामासाठी आणलेले ०.०५ चे कागद सहज मिळतात म्हणून तेच एडिसला लावले जातात. मग ९९ टक्के मृत्यू येतो आणि ‘प्रतिकार नाही’ असा अहवाल जातो. एक कागद सहापेक्षा जास्त वेळा वापरू नका, आणि फ्रीजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट उघडू नका, नाहीतर त्यावर दव धरतं.

कॉलेजसाठी माझ्या मते बाटलीची पद्धत बरी, कारण त्यात कागदांची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेच्या सीडीसी संस्थेची ही पद्धत: २५० मिलिलिटरची झाकणाची काचेची बाटली, आतून औषधाचा पातळ थर. एडिससाठी परमेथ्रिनची मात्रा बाटलीमागे १५ मायक्रोग्रॅम, डेल्टामेथ्रिनची १० मायक्रोग्रॅम, आणि निदानाची वेळ, म्हणजे जेव्हाच्या मोजणीवर निकाल ठरतो ती, ३० मिनिटं. औषध टेक्निकल ग्रेडचंच, म्हणजे काही न मिसळलेलं मूळ औषधच हवं. दुकानातल्या बाटलीत पायसकारक आणि इतर द्रव्यं असतात, त्यांचा थर वेगळा बसतो.

हिशेब असा. परमेथ्रिन ९४ टक्के शुद्ध असेल तर १५० मिलिग्रॅम खरं औषध मिळायला १५० भागिले ०.९४, म्हणजे १५९.६ मिलिग्रॅम तोला आणि अ‍ॅसिटोननं १०० मिलिलिटर करा. हे झालं दीड मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यातला १ मिलिलिटर घेऊन पुन्हा १०० मिलिलिटर केला की १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. याचा १ मिलिलिटर एका बाटलीला. सरळ १.६ मिलिग्रॅम तोलायला जाऊ नका, कॉलेजच्या तराजूची चूकच तेवढी असते. मायक्रोपिपेटनं अ‍ॅसिटोन घेताना ते टोकातून ठिबकतं. म्हणून टोक आधी दोन-तीनदा अ‍ॅसिटोननं ओलं करून घ्या किंवा काचेचा पिपेट वापरा. साठा घट्ट बंद करून, प्रकाशापासून दूर, फ्रीजरमध्ये ठेवा. अ‍ॅसिटोन उडत गेलं की द्रावण तुमच्या नकळत दाट होत जातं.

बाटलीत १ मिलिलिटर टाकून झाकण लावा, तळ ओला होईल अशी फिरवा, उलटी करून झाकणाला लागू द्या, मग आडवी करून गोल गोल लोळवा. झाकण काढा, आणि ओल दिसेनाशी होईपर्यंत लोळवत राहा. नंतर रात्रभर अंधारात आडवी, उघडी. अ‍ॅसिटोनचा ओलावा राहिला तर नियंत्रणाच्या बाटलीतही डास पटापट पडतात. तिथं नुसतं अ‍ॅसिटोन असतं, त्यामुळे हा दोष तिथेच पकडला जातो. नियंत्रणाची बाटली नेहमी आधी तयार करा आणि आधी भरा, म्हणजे हाताला आणि डास ओढून घ्यायच्या शोषनळीला लागलेलं औषध तिच्यात जाणार नाही. बाटल्यांवर आणि झाकणांवर कायमचे क्रमांक टाका. नियंत्रणाची बाटली जन्मभर नियंत्रणाचीच. धुताना आधी अ‍ॅसिटोन, मग गरम साबणपाणी, भरपूर खळखळून ५० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवणं. बाटली खरंच स्वच्छ झाली का हे कळायचा एकच भरवशाचा मार्ग: त्यात डास सोडून पाहणं.

प्रत्येक बाटलीत १० ते २५ माद्या, चार बाटल्या औषधाच्या, एक नियंत्रणाची. दर पाच मिनिटांनी बाटली हलकेच फिरवून पाहा. ज्या काचेच्या वळणाबरोबर घसरतात, पायांवर उभ्या राहू शकत नाहीत, त्या ‘पडलेल्या’. एखादी पाठीवर पडून पंख फडफडवते, तीही पडलेलीच. बाटली वाकडी करताच सावरून उभी राहते ती जिवंत. हे दोघांनी वेगवेगळं मोजा आणि एकमेकांचे आकडे आधी बघू नका.

निकालाचे उंबरठे ठरलेले आहेत: मृत्यू ९८ टक्के किंवा जास्त असेल तर डास औषधाला बळी पडतो, ९० ते ९७ मध्ये प्रतिकाराचा संशय, पुन्हा तपासा, ९० च्या खाली प्रतिकार पक्का. नळीच्या पद्धतीत नियंत्रणात ५ ते २० टक्के मेले तर अ‍ॅबटचं सूत्र लावा: औषधाच्या टक्क्यातून नियंत्रणाचा टक्का वजा, भागिले शंभर वजा नियंत्रणाचा टक्का, गुणिले शंभर. औषधात ८४ आणि नियंत्रणात ८ मेले तर ७६ भागिले ९२, म्हणजे ८२.६ टक्के. नियंत्रणात २० टक्क्यांवर गेले तर चाचणी रद्द, सूत्रानं ती वाचत नाही. आणि शंभर डासांत ९७ मेले यावर फार भांडू नका. त्या आकड्याची ९५ टक्के विश्वासाची कक्षा साधारण ९१.५ ते ९९.४ इतकी रुंद आहे. ९७ आणि ९८ मधला फरक एका डासाचा असतो.

नाशिकच्या हवेचा स्वतंत्र उल्लेख करायला हवा. डिसेंबर-जानेवारीत गरम न केलेली खोली २७ अंशांच्या बरीच खाली जाते. पायरेथ्रॉइड गटातली औषधं (परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी) थंडीत सहसा जास्त विषारी ठरतात. म्हणजे थंडीत केलेली चाचणी प्रतिकार लपवू शकते, आणि त्याच डासांची मार्चमधली चाचणी ‘दोन महिन्यांत प्रतिकार वाढला’ असं सांगून मोकळी होते. एप्रिलमध्ये अडचण उलटी: हवा इतकी कोरडी की नियंत्रणातले डास औषधाशिवायच सुकून मरतात. थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात ओला टॉवेल, एक आर्द्रतामापक आणि थंडीत कमी वॅटचा बल्ब एवढ्यानं काम भागतं. तापमान प्रत्येक चाचणीच्या नोंदीत लिहा.

सोबत एक बळी पडणारी प्रयोगशाळेतली जात हवी, रॉकफेलरसारखी. तिच्याशिवाय बाटल्या बरोबर लेपल्या गेल्या का, हेच सांगता येत नाही. आयसीएमआरच्या डास संशोधन करणाऱ्या संस्थांकडे मार्गदर्शकांमार्फत रीतसर पत्रानं विचारा.

प्रतिकार निघाला तर पुढचे प्रश्न दोन: किती, आणि कशामुळे. ‘किती’ साठी पाचपट आणि दहापट मात्रा लावा. दहापट मात्रेलाही दोन टक्क्यांहून जास्त माद्या वाचल्या तर प्रतिकार तीव्र समजतात. ‘कशामुळे’ साठी पीबीओ, म्हणजे पायपेरोनिल ब्यूटॉक्साइड. डास आधी एक तास ४ टक्के पीबीओच्या कागदावर, मग औषधावर. पीबीओ डासाच्या शरीरातली पी-४५० ही विष मोडणारी विकरं थोपवतो. पीबीओशिवाय ७० टक्के असलेला मृत्यू पीबीओनंतर ९८ च्या वर गेला तर प्रतिकार त्या विकरांमुळे. थोडाच वाढला तर मज्जातंतूच्या सोडियम वाहिनीतही बदल आहे असा संशय घ्या. नुसत्या पीबीओच्या कागदावर किती मरतात हेही तपासा, हे नियंत्रण बरेच जण विसरतात.

सोडियम वाहिनीतल्या बदलांना केडीआर म्हणतात. भारतातल्या एडिसमध्ये एफ१५३४सी आणि टी१५२०आय या नावांचे बदल सापडले आहेत. आशियात इतरत्र व्ही१०१६जी आणि एस९८९पी ही जोडी महत्त्वाची आहे. एफ१५३४सी एकटा असला तर परमेथ्रिनला प्रतिकार देतो, डेल्टामेथ्रिनला फारसा नाही. म्हणून एकाच पायरेथ्रॉइडवर निकाल देऊ नका. डासाचा एक पायसुद्धा डीएनएसाठी पुरतो. मेलेले आणि वाचलेले वेगवेगळ्या नळ्यांत, सिलिका जेलवर किंवा ८० टक्के अल्कोहोलमध्ये, प्रत्येकावर विभाग, तारीख, औषध, मात्रा आणि जिवंत की मेलेला हे पेन्सिलीनं लिहून. शाई अल्कोहोलनं पुसली जाते. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवून बदल शोधताना, तापमान कमी ठेवलं तर सगळेच डास मिश्र जनुकाचे दिसू लागतात, म्हणून काही नमुने सिक्वेन्सिंगला पाठवून पडताळा.

अ‍ॅबेटची चाचणी सोपी आहे. तिसऱ्या अवस्थेच्या शेवटच्या किंवा चौथ्याच्या सुरुवातीच्या २५ अळ्या, २४९ मिलिलिटर पाणी, त्यात १ मिलिलिटर द्रावण. ०.०२ मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा हवी असेल तर ते द्रावण ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं करा, अल्कोहोलमध्ये. २४ तासांनी सुईनं हलकेच टोचल्यावर जी अळी वर येऊ शकत नाही ती मेलेली धरा. दहा टक्क्यांहून जास्त अळ्यांचे कोष झाले तर ती चाचणी सोडून द्या. प्लास्टिकचे पेले औषध शोषतात, काचेचे वापरा. घरच्या ड्रममध्ये अ‍ॅबेट चालत नाही याचं कारण बऱ्याचदा साधं असतं: एक दिवसाआड पाणी उपसलं जातं आणि औषधही त्याबरोबर जातं.

आता जीएम डास. ऑक्सिटेक कंपनीच्या ओएक्स५१३ए या पहिल्या जातीत टीटीएव्ही नावाच्या प्रथिनाचं जनुक आहे. हे प्रथिन पेशीत बेसुमार वाढतं आणि अळी किंवा कोष मरतो. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिलं की ते थांबतं, त्यामुळे कारखान्यात डास वाढवता येतात. बाहेर सोडलेल्या नरांची पिल्लं मात्र बहुतेक मरतात, तीन ते पाच टक्के वाचतात. डोळ्यांना न दिसणारी एक खूणही त्यात आहे: लाल चमकणारं प्रथिन, ज्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली अळी ओळखता येते. २०१० मध्ये केमन बेटांवर नर सोडून तिथल्या डासांची संख्या सुमारे ८० टक्के घटली होती. आपल्या राज्यातही हा डास येऊन गेला आहे: जालना जिल्ह्यातल्या बदनापूरजवळच्या दावलवाडीत २०१७ मध्ये बंद पिंजऱ्यांतल्या चाचण्या सुरू झाल्या. मोकळे डास तिथे सोडले नव्हते, पिंजरे होते. हे मुद्दाम सांगतो, कारण याविषयी अफवा फार फिरतात. पुढची जात ओएक्स५०३४. तिच्यात फक्त माद्या मरतात, मुलगे जगतात आणि जनुक पुढे नेतात. २०२१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा कीज भागात ती सोडली गेली.

प्रतिकाराशी संबंध इथे येतो. या जाती प्रयोगशाळेत कित्येक पिढ्या औषधाशिवाय वाढलेल्या असतात, म्हणजे पायरेथ्रॉइडला सहज बळी पडणाऱ्या. नर सकाळी सोडले आणि संध्याकाळी धुराची गाडी फिरली, तर मरणार तुमचे नर आणि वाचणार स्थानिक प्रतिकारक डास. घरोघरी प्लगला लावलेली मशीनंही तेच करतात. वर सांगितलेला रिओचा अनुभव जीएम डासांचा नव्हता. वोल्बाकिया हा जिवाणू असलेले डास २०१४ पासून तुबियाकांगा या वस्तीत सोडले, आणि सोडणं थांबताच वोल्बाकियाचं प्रमाण घसरलं. स्थानिक डास पायरेथ्रॉइडला दाद देत नव्हते, सोडलेले देत होते, आणि घरोघरी कीटकनाशकाचे कॅन चालूच होते. मग सोडायच्या जातीचा संकर स्थानिक डासांशी पिढ्यान्‌पिढ्या लावून केडीआर जनुकं तिच्यात आणली, आणि दुसऱ्या खेपेला वोल्बाकिया टिकला. पाच पिढ्या उलटा संकर लावला की सुमारे ९७ टक्के जनुकसंच स्थानिक होतो, पण केडीआर त्यात आला की नाही हे पीसीआरनंच कळतं. त्यात मर्यादाही पाळायची: सोडायचा डास स्थानिक डासापेक्षा जास्त प्रतिकारक निघाला तर आपणच रोग पसरवल्यासारखं होईल.

याची दुसरी बाजू आशेची आहे. ओएक्स५०३४ सारख्या जातीचे वाचलेले मुलगे बळी पडणारी जनुकं वस्तीत मिसळतात आणि प्रतिकार पातळ होऊ शकतो. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात काचघरातल्या प्रयोगांत बीटी पिकाबाबत, म्हणजे कीड मारणारं जनुक घातलेल्या पिकाबाबत, असा परिणाम दिसला आहे. फळमाशीत तर २०२२ मध्ये क्रिस्पर हे जनुक कापून बदलायचं तंत्र वापरून केडीआरचं जनुक मूळ रूपाकडे वळवण्याचा प्रयोग यशस्वी झाला. डासात आणि मोकळ्या हवेत ते अजून लांब आहे.

प्रयोगशाळेत जीएम डासांचा रोजचा उपयोग वेगळाच आहे: कोणतं जनुक कोणत्या औषधाला प्रतिकार देतं हे सिद्ध करणं. अ‍ॅनोफेलिस गॅम्बीमध्ये जीएसटीई२ हे विष मोडणारं विकर जास्त निर्माण करवलं की डीडीटीला प्रतिकार येतो. सीवायपी६पी३ हे पी-४५० गटातलं विकर वाढवलं की परमेथ्रिनला येतो, पण तोच डास मॅलेथिऑनला जास्त सहज मरतो, कारण हीच विकरं मॅलेथिऑनचं जास्त विषारी मॅलॉक्सॉनमध्ये रूपांतर करतात. म्हणून तुमच्या चाचणीत पीबीओनं मॅलेथिऑनचा मृत्यू कमी केला तर दचकू नका. औषध आलटून-पालटून वापरायचा सल्ला देताना ही माहिती सोन्यासारखी आहे.

अशा डासाची अंडी सूक्ष्म सुईनं टोचून जनुक घालतात. अंडं घातल्यावर पांढरं असतं, तास-दोन तासांत काळं आणि टणक होतं. मधली करडी वेळ तेवढी टोचण्याची. पांढरं असताना फुटतं, काळं झाल्यावर सुईच मोडते. टेट्रासायक्लिन न देता जगण्याचं प्रमाण मोजताना कोंबडीचं मांस असलेलं पाळीव प्राण्यांचं खाद्य अळ्यांना देऊ नका. त्यात उतरलेल्या प्रतिजैविकाच्या अंशानं पिल्लं जास्त जगतात.

हे तुम्ही प्रकल्पात करू नये, आणि करताही येणार नाही. भारतात पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार आधी संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग आरसीजीएम ही जनुकीय प्रयोगांची केंद्रीय आढावा समिती, आणि मोकळं सोडण्यासाठी जीईएसी ही पर्यावरण मंत्रालयाची समिती अशी परवानगीची साखळी आहे. दुहेरी दारांची खोली, बारीक जाळी, पांढऱ्या भिंती, प्रत्येक हालचालीला डासांची मोजणी. दाराशी एक डास कमी भरला तरी काम थांबतं.

साध्या जंगली एडिसलाही यातला अर्धा तरी शिस्तीचा भाग लावा. चाचणीत वाचलेले डास, म्हणजे तुमच्याकडचे सगळ्यात प्रतिकारक, ते तर खिडकीतून सुटता कामा नयेत. उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये २४ तास ठेवूनच पुढे पाठवा. पिंजऱ्याच्या बाहीची शिवण दर आठवड्याला तपासा. पट्टी सुकली म्हणून अंडी मेली असं धरू नका: टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह, ते नसेल तर प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं. ट्रेमधलं आणि सापळ्यातलं पाणी उकळूनच मोरीत सोडा, आणि मोरीच्या तोंडाला जाळी हवीच.